वाचून झाल्यावर सांगायचं नाव

सेक्टर २७, नवा रायपूर
९ जुलै २०१३

श्रीमती विनोदिनीबाईंना,

नमस्कार. पुढची विनंती-विशेषाची अक्षरं गाळली आहेत, कारण हे पत्र विनंतीचं नाही.

फोन मी मुद्दामच करून नाही राहिली. फोनवर मी चिडते, तुम्ही गप्प बसता, अन् नंतर घरचे मलेच म्हणतात की विहिणीशी असं बोलतात काय. तुमच्यासारखं कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर माझं नाही. जशी बोलते तशीच लिहून राहिली. सांभाळून घ्या, नाहीतर नका घेऊ.

काल अनुश्रीच्या पलंगाची चादर बदलायले गेली तर उशीखाली शाळेच्या लायब्ररीचं पुस्तक. हिंदी, निळ्या कव्हरचं, नवं कोरं. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली अन् खाली बसली. त्यातल्या पोट्टीचे आईबाप वेगळे होऊन राहिले, घरात सगळ्यांले माहीत, तिलेच कोणी सांगत नाही. मग ती शेजाऱ्याच्या खिडकीची काच फोडते. आपल्या आजीले खोटारडी म्हणते. नववीतल्या पोरीले हे वाचायले द्यायचं?

आपलं काय ठरलं होतं, विनोदिनीबाई? निरंजनरावांची बिलासपूरले बदली झाली, तिथं क्वार्टर लहान आहे, म्हणून अपर्णा पोरीले घेऊन आमच्याकडे राहायले आली. एवढंच सांगायचं. माझी मुलगी अन् तुमचा मुलगा आता एका घरात नांदणार नाहीत, हे अनुश्रीची दहावी होईपर्यंत तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तुमच्याच घरी, चौबे कॉलोनीत बसून ठरलं. तुम्ही मान हलवली होती, मी पाहिली आहे.

आता रिटायर झाल्यावर शाळेनं तुमच्या हाती लायब्ररी दिली. मुलांसाठी नवी पुस्तकं कोणती आणायची ते तुम्हीच सांगता, कोणी काय वाचायचं तेही तुम्हीच. म्हणजे तोंडानं सांगायचं नव्हतं ते पुस्तकाकडून सांगून घेतलं. फार हुशारी झाली.

पुस्तक माझ्याजवळ आहे, परत मिळणार नाही. अन् अनुश्री दर रविवारी तुमच्याकडे येत होती, ते आजपासून बंद. असली पुस्तकं लायब्ररीतून जातील त्या दिवशी पोरगी पुन्हा येईल. आमचे हे शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहेत हे तुम्ही विसरल्या असाल तर आठवण करून देते.

लोभाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

देवश्री


चौबे कॉलोनी, रायपूर
१५ जुलै २०१३

सौ. विहीणबाई देवश्रीताई यांस,

सा. न. वि. वि. माझी अक्षरं मी गाळत नाही. सवय मोडत नाही म्हणून.

आपलं पत्र मिळालं. नव्या राजधानीचे रस्ते इतके रुंद केले तरी तिथलं पत्र इथे यायला मुंबईच्या पत्राहून जास्त वेळ लागतो, हे पाहून गंमत वाटली. बाकी पत्रात गंमत वाटावी असं काही नव्हतं.

ते पुस्तक मी अनूला सुचवलेलं नाही. नवी पुस्तकं आली तेव्हा मी ती सगळी आधी वाचली. शर्यतीतून बाद झालेल्या सायकलवाल्या मुलीची गोष्ट अनूला द्यायची ठरवली होती, मुंग्यांचं चित्रमय पुस्तकही. हे निळं पुस्तक मात्र तिचा वर्ग यायच्या वेळी मी मागच्या रांगेत सरकवून ठेवत असे. आपल्यासारखंच माझंही काळीज आहे.

मग ते तिच्या हाती गेलं कसं, हे सांगायचं तर आमच्या लायब्ररीची रीत सांगावी लागेल. आपल्या श्यामरावांना ती ठाऊक आहे. त्यांनीच मीटिंगमध्ये तिला हसून मान्यता दिली होती. नवं पुस्तक मुलांना मागून मिळत नाही. कोणीतरी ते त्या मुलासाठी सुचवावं लागतं: मैत्रिणीनं, शिक्षकानं, घरच्यांनी, कोणीही. सुचवणारा ते माझ्याकडे देतो, मी ते मुलाच्या हातात ठेवते. आणि सुचवणाऱ्याचं नाव पुस्तक शेवटपर्यंत वाचून झाल्यावरच सांगते.

ही रीत माझी नाही. नागपूरला आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना होत्या. सगळ्या जणी त्यांना घाबरायच्या. माझे वडील गेले त्या वर्षी माझ्या डेस्कमध्ये एकेक पुस्तक यायला लागलं, खाकी कव्हर घातलेलं, डिंकाच्या वासाचं. कोण ठेवतं ते कळायचं नाही. सिस्टरनी दिलं असं आधीच कळलं असतं तर मी ती पुस्तकं उघडलीही नसती, कारण त्या मला आवडत नव्हत्या. वाचून संपली, मग कळलं. देणारा माणूस आवडतो की नाही, यावरून पुस्तक जोखलं जाऊ नये, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

तेव्हा कोणी सुचवलं ते मी आपल्याला सांगणार नाही. अनूनं पुस्तक संपवून मला विचारलं तर तिला सांगेन. पुस्तक तिला परत द्या.

रविवारबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. ती इथे आली की दिवाणावर आडवी पडून, पाय भिंतीला लावून वाचते. मी रागावते, ती पाय खाली घेते, मी स्वयंपाकघरात गेले की पुन्हा वर. निरंजनचे वडील गेल्यापासून या घरात एवढाच आवाज उरला होता. आपण तो बंद केलात, आणि तोही पुस्तकासाठी. मला हे जमलं नसतं, हे कबूल करते.

लोभ जेवढा उरला असेल तेवढा सांभाळावा.

विनोदिनी


सेक्टर २७, नवा रायपूर
२२ जुलै २०१३

श्रीमती विनोदिनीबाईंना,

नमस्कार.

तुमची रीत वाचली. तुमची सिस्टरही वाचली. लहान पोरं लपाछपी खेळतात तसं म्हाताऱ्या बाया पुस्तकं घेऊन खेळून राहिल्या, अन् आमच्या घराले आग लागून राहिली.

आग म्हणजे काय ते ऐका. अनुश्रीनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, नानी, मेरी किताब? मी सांगितलं की लायब्ररीत परत केली. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् गेली. तेव्हापासून काहीही विचारा, तिचं उत्तर ‘हव’, नाहीतर ‘नहीं’. जेवतेस काय, हव. आजीकडे जायचं होतं काय, नहीं. आता हे ‘नहीं’ तुमच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते देव जाणे. मराठी तिले सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत, हे माहीत होतं. आता हिंदीतही बोलत नाही.

अपर्णा तर मंत्रालयातून थकून येते अन् पोरीच्या खोलीच्या दाराशी उभी राहते. आत जात नाही. मी म्हटलं, काहून उभी आहेस, जा ना. तर म्हणे, माई, तू जरा चूप बस. आजवर ती माझ्याशी असं बोलली नव्हती. हेही तुमच्या पुस्तकाचंच देणं.

यांनी नव्या पुस्तकांच्या कपाटाले कुलूप घातलं आहे. मुलांनी थोर माणसांची चरित्रं वाचावी, स्पर्धा परीक्षेची वाचावी, ती दुसऱ्या कपाटात भरपूर आहेत. तुमच्या लायब्ररीले धक्का नाही, फक्त नव्या पुस्तकांले आहे.

अन् तुम्ही पुस्तक दिलं नाही हे मले पटत नाही, पण धरून चालू की नाही दिलं. मग कोणी दिलं? एखादी टीचर असेल, आमच्या घरचं कुठून तरी ऐकलं असेल अन् आली असेल शहाणपणा करायले. तिचं नाव सांगा. फक्त नाव. त्या रविवारी मी स्वतः अनुश्रीले तुमच्या दारात आणून सोडते. याहून सोपं मी करू शकत नाही.

तोपर्यंत मी ते पुस्तक पेन्सिल घेऊन पूर्ण वाचून काढणार आहे. जिथं जिथं वाईट आहे तिथं खूण करून प्रिन्सिपलसमोर ठेवणार. मग पाहू तुमची रीत काय म्हणते.

आशीर्वाद मागायच्या वयाची मी नाही अन् द्यायच्या तुम्ही नाही. इतकंच.

देवश्री


चौबे कॉलोनी, रायपूर
२५ जुलै २०१३

चि. निरंजन यास,

अनेक आशीर्वाद. आहेत, पण आज रागातले आहेत.

तू मंगळवारी फोनवर विचारलंस की अनू कशी आहे. तिकडे पाऊस कसा आहे असं विचारावं तसं विचारलंस. मी म्हटलं बरी आहे, आणि तू समाधानानं फोन ठेवलास. ती बरी नाही. ती गेले दोन रविवार इथे आलेली नाही, कारण तुझ्या सासूबाईंनी तिला बंदी केली आहे. त्यांच्या मते मी एका पुस्तकातून तिला तुमची गोष्ट सांगितली.

तुम्ही दोघं वकिलाकडे एकत्र जाऊ शकलात. कोणतं सामान कोणाकडे राहील ते शांतपणे ठरवू शकलात, त्यात माझं शिलाई मशीनही अपर्णाला द्यायचं ठरलं हे मला नंतर कळलं. मुलीसमोर मात्र दोघांना एकदाही बसता आलं नाही. ते काम आज्यांवर टाकलंत. आणि आम्ही आज्यांनी ठरवलं की खोटं बोलायचं. त्या बैठकीत मी मान हलवली तेव्हा तू सुटल्यासारखा श्वास सोडलास, तो मला अजून ऐकू येतो.

देवश्रीताईंना ते पुस्तक सुचवणाऱ्याचं नाव हवं आहे. नाव सांगितलं तर येत्या रविवारी अनू माझ्याकडे असेल. तू आईला ओळखतोस. सोमवारपासून मी तिच्यासाठी काय काय करायचं ते ठरवायला लागले असते. पण मी सांगणार नाही. रीत हे निमित्त आहे. ज्या माणसानं ते पुस्तक माझ्या हाती ठेवलं, त्यानं आधी ते लायब्ररीच्या बाकावर बसून पूर्ण वाचलं होतं. मग हात जोडून सांगितलं की मला तोंडानं बोलता येत नाही, हे पुस्तक तिला द्या आणि घरी कळू देऊ नका. कोण होतं ते तुलाही सांगत नाही. विचारायला फोन करू नकोस.

लायब्ररीत मुलं बंद कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहतात. एकीनं मला विचारलं की सायकलवाली मुलगी पुढे जिंकते का. मी म्हटलं, तू वाचल्याशिवाय मी कसं सांगू. ती म्हणाली, आंटी, चाबी आपके पास नहीं है ना? मी नाही म्हटलं. ती मुलगी माझ्याकडे फार दयेनं पाहून गेली.

तू मोठा अधिकारी झालास याचा मला अभिमान आहे. बाप कधी होतोस ते कळव.

तुझी आई


सेक्टर २७, नवा रायपूर
५ ऑगस्ट २०१३

श्रीमती विनोदिनीबाईंना,

नमस्कार.

शनिवारी जे झालं ते तुम्हाले माहीतच आहे, तुमच्याच टेबलावर झालं. तरी मले ते माझ्या शब्दांत लिहायचं आहे, म्हणजे उद्या तुम्ही ते गोड करून कोणाले सांगू नका.

मी आली. पुस्तक तुमच्यासमोर ठेवलं. म्हटलं, झालं वाचून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आता तुमच्या रीतीनं नाव सांगा. तुम्ही चष्मा काढला. म्हणाल्या की ज्याच्यासाठी सुचवलं त्यालेच सांगायचं असतं. मी म्हटलं, ज्याच्यासाठी होतं त्याच्या हातातून मी ओढून घेतलं अन् मीच वाचलं, म्हणजे वाचणारी मी झाली. तुम्ही पोरींना वर्गात पाठवलं. दार लोटलं. अन् मग म्हणाल्या, “अपर्णानं.”

मी पुस्तक उचललं अन् तशीच घरी निघाली. बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

तुम्ही मले महिनाभर तुमच्यावर चिखल फेकू दिला. रविवार गेला तरी गप्प. कपाटाले कुलूप लागलं तरी गप्प. एका शब्दानं मले थांबवू शकत होत्या. तुम्हाले वाटत असेल की हे मोठं मन झालं. मले विचाराल तर हा अपमान आहे. मी पत्रामागून पत्रं लिहून राहिली अन् तुम्ही तिकडे चष्मा पुसत वाचून राहिल्या, की बघा, हिले माहीत नाही.

त्याहून वाईट ते दुसरंच. माझ्या पोटची पोरगी. नोकरी, पोर, तुटलेलं घर, सगळं घेऊन माझ्याकडे आली. मी तिले एका शब्दानं विचारलं नाही, सगळं अंगावर घेतलं. अन् बोलायची वेळ आली तेव्हा ती गेली कोणाकडे? सासूकडे. जिचं घर सोडून आली तिच्याकडे. हे मले पचत नाही. मरेपर्यंत पचणार नाही.

घरी आल्यावर मी अपर्णाले विचारलं. ती हव म्हणाली अन् रडली नाही. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, अनुश्रीच्या खोलीत गेली, या वेळी दारात थांबली नाही. मी मागून गेली, मले कोणी बोलावलं नव्हतं. अपर्णानं तिले सांगितलं, पप्पा अन् मी आता वेगळे राहणार, हे बदलीमुळे नाही. पोट्टीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मम्मी, ये तो मुझे अप्रैल से पता है. मैं देख रही थी कि पहले कौन बोलता है.”

घरात तीन बाया उभ्या होत्या, त्यातल्या दोघींना बसावं लागलं.

मग तिनं सांगितलं की आता हर संडे वह पप्पा के पास बिलासपूर जाएगी, सकाळच्या गाडीनं, संध्याकाळी परत. विचारलं नाही, सांगितलं. अपर्णा हो म्हणाली. म्हणजे पाहा, मी पोरगी तुमच्याकडे पाठवायले तयार झाली होती, शब्द दिला होता, तो पाळलाही असता. आता पोरगीच मोकळी नाही.

कपाटाचं कुलूप काढायले यांना सांगितलं आहे. तुमच्यासाठी नाही. पुस्तक अनुश्रीनं रात्रीत संपवलं, आज परत आणून देईल. माझ्या पेन्सिलच्या खुणा खोडल्या नाहीत, राहू द्या. पुस्तक मले आवडलं नाही. शेवट घाईघाईत उरकला आहे. अन् त्यातली आजी फार मूर्ख दाखवली आहे, कोणतीच आजी इतकी मूर्ख नसते.

लोभ, विनंती, सगळं तसंच.

देवश्री


चौबे कॉलोनी, रायपूर
१२ ऑगस्ट २०१३

सौ. देवश्रीताई यांस,

सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. अनू ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली की आजी, हो गया. मग तिनं रीतीप्रमाणे विचारलं, किसने दिया था. तिला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, ठीक है, आणि जाऊन बाकावर बसली. आपल्या खुणा मीही पाहिल्या. बऱ्याच ठिकाणी आपण ‘खोटं’ असं लिहिलं आहे, आणि शेवटच्या काही पानांवर काहीच लिहिलेलं नाही.

मी गप्प राहिले तो अपमान होता, असं आपण लिहिलंत. असेलही. मी त्याबद्दल क्षमा मागणार नाही, कारण आपणही मागितलेली नाही. पण मोठं मन वगैरे काही नव्हतं, हे आपल्याला सांगायला हवं. मला वाटत होतं की खरं केव्हातरी बाहेर येईल, आपण ओशाळाल, आणि अनूचे रविवार मला परत मिळतील. तेही आपल्या हातून. मी त्याची वाट पाहत होते. तसं झालं नाही. काल सकाळी ती गाडीत बसली. निरंजन बिलासपूरला फलाटावर उभा होता, असं त्यानंच फोन करून सांगितलं. दोघं काय बोलले ते सांगितलं नाही. आवाज बदललेला होता. मी जास्त विचारलं नाही.

अपर्णा आपल्याला सोडून माझ्याकडे का आली, हे आपल्याला पचत नाही. मलाही त्या दिवशी कळलं नव्हतं. ती समोर बसून वाचत होती आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटत होता की सून अजून माझी आहे. काल दिवसभर घरात एकटी होते तेव्हा उलगडलं. आपल्याला सांगितलं असतं तर आपण तिच्याआधी मुलीच्या खोलीत शिरला असता, तिच्या वतीनं बोलला असता, तिच्या वतीनं रडलाही असता. मी यातलं काही करणार नव्हते, कारण माझा तो हक्क तिनं काढून घेतला होता. ज्यांच्याबरोबर उद्या राहायचं आहे त्यांच्यासमोर तोंड उघडणं अवघड असतं. ज्यांना सोडून जायचं आहे त्यांना काहीही सांगता येतं. ती माझ्याकडे आली ती माझी म्हणून नव्हे. आपली आहे म्हणूनच ती आपल्याकडे येऊ शकली नाही.

हे लिहून आपल्याला बरं वाटावं असा हेतू नाही. मला बरं वाटलेलं नाही, मग आपल्यालाच का वाटावं.

श्यामरावांनी कपाट उघडून दिलं. मुली तुटून पडल्या. सायकलवाल्या मुलीच्या पुस्तकासाठी दोघींचं भांडण झालं, एकीनं दुसरीची वेणी ओढली. फार दिवसांनी लायब्ररीत गलका होता.

रविवारी मी घरीच असते. आपणही आता असाल. येणार असाल तर कळवू नका. कळलं तर मी चार पदार्थ करत बसेन आणि आपण त्यांनाही नावं ठेवाल. येणार नसाल तर मात्र तसं लिहून कळवा, सविस्तर, नेहमीच्या भाषेत.

लोभ असावा असं अजून लिहवत नाही. राग असू द्यावा, ही विनंती. तो आहे तोवर पत्र तरी येईल.

आपली विहीण,
विनोदिनी